सुरीनं धरलं धारेवर

आमची सुरी टोमॅटो चिरत नसे, चेंगरत असे. सालीवर पातं टेकलं की टोमॅटो आधी दबायचा, मग माझ्या शर्टावर पिचकारी मारायचा आणि शेवटी कंटाळून स्वतःच फाटायचा. हौशी स्वयंपाक्याची इभ्रत जायला एवढं पुरतं. चांगली सुरी घ्यायचं ठरवलं आणि झोप उडाली.

माझी समजूत अशी, की सुरीला एक पातं असतं आणि एक मूठ. छे! पोलाद कुठलं, किती कडक, पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलंय की मधेच थांबलंय, सगळं बघायचं. जर्मन घराण्याच्या सुऱ्या कडकपणाच्या रॉकवेल मापावर साधारण ५६ ते ५८ भरतात, जपानी बऱ्याचदा ६०च्या पुढे. कडक पोलादाची धार जास्त टिकते, पण टवकाही लवकर उडतो. म्हणजे एक निगरगट्ट आणि दुसरी हुशार, पण मनाला लावून घेणारी. आमच्या नात्यात दोन्ही नमुने असल्यानं हा मुद्दा मला पटकन कळला.

पात्यावरच्या लाटालाटांच्या नक्षीवर, म्हणजे दमास्कस नक्षीवर, तर मी भाळलोच होतो. मग कळलं, त्या लाटा बहुतेकदा बाहेरच्या थरांची शोभा; कापते ती मधली साधी पट्टी. रात्री दोनला मोबाइलमध्ये पाती न्याहाळताना बायकोनं पकडलं. "अहो, कांदाच कापायचाय ना?" तिचा आवाज जरा चिंतेचा वाटला.

अखेर जपानी सुरी आली. २१ सेंटिमीटरचं पातं, धार दर बाजूला १५ अंशांची. मी घरात नियम जाहीर केले: हाडावर नाही, काचेच्या बोर्डवर नाही, सिंकमध्ये नाही, डिशवॉशरमध्ये तर नाहीच, वापरली की लगेच धुऊन पुसायची. "मग तुम्हीच चिरत जा," असा ठराव एकमतानं मंजूर झाला.

धार लावायला १००० ग्रिटचा, म्हणजे मध्यम बारीक कणांचा, दगडही आणला होता. नव्या सुरीवर हात चालवायची छाती होईना, म्हणून आधी त्या जुन्या बोथट सुरीवर शिकलो. दगड भिजवला, कोन सांभाळत एक बाजू घासली, पलीकडच्या कडेला बोटाला बारीक खरखर लागल्यावर दुसरी. तासाभरानं कागद धरून बघितला. सर्रकन दोन तुकडे!

आता घरात सगळे जुनीच वापरतात. "हिला काय धाड भरली होती?" असं बायको टोमॅटोच्या पातळ चकत्या पाडत विचारते. नवी सुरी खोक्यात आहे. पाहुणे आले की दाखवतो. हात लावू देत नाही.