मेन पाडला, खिडकी उघडली, तरी जनरेटर सुरक्षित होत नाही

लाइट जायला लागली की एक मेसेज हमखास फिरतो : ‘मेन स्विच पाडा, दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर जनरेटरमधून भिंतीतल्या सॉकेटला लावा, जनरेटर बाल्कनीत ठेवून खिडकी उघडी ठेवा. सगळं घर चालतं.’ घरात वीज येते, हे खरं. पण ही पद्धत जीव घेऊ शकते.

आधी ती वायर. जनरेटर चालू असताना तिचं एक टोक सॉकेटमधून निसटलं, तर उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात. लहान मुलानं नुसता हात लावला तरी पुरे.

‘पण मेन पाडलाय ना!’ तो पाडायचा राहिला, किंवा अंधारात कुणी वर केला, तर? वीज उलटी ट्रान्सफॉर्मरकडे जाते. ट्रान्सफॉर्मर उलट दिशेनंही चालतो. २३० चे हजारो व्होल्ट होतात आणि लाइन बंद समजून काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसतो. तेवढ्यात लाइट आली, तर जनरेटरचं वाइंडिंगही जळतं. म्हणून चेंजओव्हर स्विचच हवा, फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा बदलणारा, इलेक्ट्रिशियननं बसवलेला. त्यात लाइन आणि जनरेटर एकाच वेळी जोडताच येत नाहीत. तोवर उपकरणं थेट जनरेटरला लावा. एक्स्टेंशनची वायर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या आणि पूर्ण उलगडा. गुंडाळलेली राहिली तर तापून इन्सुलेशन वितळतं.

उघड्या खिडकीचा आधार तर त्याहून फसवा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस थकवा समजून आडवा होतो; झोपलेल्याला तर जागच येत नाही. बाल्कनीतला धूर वाऱ्यानं त्याच खिडकीतून आत येतो. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर लांब, उघड्यावर, पावसापासून आडोशाला ठेवा आणि सायलेन्सरचं तोंड दारं-खिडक्यांकडे नको. घरात बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा. तो वाजला, की आधी सगळे बाहेर.

‘सगळं घर’ही चालत नाही. जनरेटरच्या बॉक्सवरचा मोठा आकडा बहुधा क्षणभराच्या कमाल क्षमतेचा असतो, आणि फ्रिजची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. लोड न जोडता इंजिन सुरू करा, दोन-तीन मिनिटं चालू द्या, मग आधी फ्रिज, नंतर दिवे-पंखे. पेट्रोल भरताना बंद करून १५-२० मिनिटं थंड होऊ द्या. तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेलं पेट्रोल लगेच पेटू शकतं.