लॉनवर मीठ टाकण्याआधी जरा थांबा

शनिवारी नाशिकहून मावशीचा फोन. "अरे, लॉन अजूनच जळलं की रे!" ग्रुपवर फिरणारा तो मेसेज तिने तंतोतंत पाळला होता: लॉनवर गोल डाग म्हणजे बुरशीच, बादलीभर पाण्यात वाटीभर मीठ, अर्धी वाटी व्हिनेगर, चमचाभर खायचा सोडा घालून फवारा, मूठभर युरिया फेका, रोज रात्री भरपूर पाणी द्या, ७ दिवसांत हिरवंगार.

आधी मीठ, कारण बाकीचं निस्तरता येतं. बुरशी मरायच्या आधी गवत मरतं. वर त्यातलं सोडियम काळ्या मातीत बसलं की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. अशी चोपण जमीन म्हणजे काय ते उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला विचारा. तो जिप्सम टाकून टाकून ती सुधारायला बघतोय, आणि आपण वाटीने मोजून ती घरी तयार करतोय! व्हिनेगरचं काय सांगू, त्याने लोक तण जाळतात.

सोड्यात थोडं तथ्य आहे, मान्य. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या केनेथ हॉर्स्ट यांनी गुलाबावरच्या भुरीवर (पांढऱ्या पावडरसारखी दिसणारी बुरशी) सोडा आणि तेलाचा फवारा उपयोगी ठरतो हे दाखवलं. पण गुलाबावरच्या, आणि भुरीवर. भुरी पानावर पसरते, हे नाशिकच्या द्राक्षवाल्यांना सांगायला नको. लॉनवर चकत्या पाडणारी रायझोक्टोनिया ही बुरशी गवताच्या बुडाशी कुजवते.

युरियाचंही अर्धंच खरं. रुपयाएवढे फिकट ठिपके, म्हणजे डॉलर स्पॉट, उपाशी लॉनवर जास्त येतात. तिथे थोडं नत्र चालतं. हातभर तपकिरी चकत्यांना मात्र तो खुराक. रात्री पाणी दिलं की पाती सकाळपर्यंत ओली, बुरशीला आणखी काय हवं?

खरी बुरशी पहाटे दवात बघा: कोळिष्टकासारखे धागे, पातीवर तपकिरी कडेचे फिकट चट्टे. मग पाणी पहाटेच आणि अंतराने द्या, कापलेलं गवत उचला. तरी पसरलं तर प्रोपिकोनॅझोलसारखं बुरशीनाशक, लेबल वाचून. डागाला गडद हिरवी कड असेल तर बहुधा कुत्र्याचा प्रताप.

मावशीला फोनवरच डागाजवळचं गवत ओढून बघायला सांगितलं. सतरंजीसारखं उचललं गेलं. खाली पांढऱ्या, वेटोळ्या अळ्या. बुरशी नव्हेच, मुळं खाणारी हुमणी.