काटा 27 वरच का थांबतो: पनवेलहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण मुद्द्याची आहे. एसी बसवताना गॅस सोडण्याआधी पाईपमधली हवा आणि ओल पंपाने खेचून काढतात, म्हणजे व्हॅक्यूम करतात. त्या कामाच्या माझ्या फोटोवर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फोटोत माझ्या गेजचा काटा 27 इंचांवर थांबलाय, पनवेलला तुमचा 30 ला टेकतो, म्हणजे माझा पंप तरी मेलाय नाहीतर लाईन लीक आहे, आणि मायक्रॉन गेज (आत उरलेला दाब बारकाईने मोजणारा मीटर) ही नुसती शायनिंग.

आधी 27 चं बघू. काट्याचा गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. पनवेल समुद्राला लागून, तिथे हवेचा दाब साधारण 29.9 इंच पारा. बेळगाव साडेसातशे मीटरवर. इथे तोच दाब 27.4 च्या आसपास. बाहेर आहेच तेवढा, तर त्याहून जास्त खेचणार कुठून? तुमचाच पंप इथे आणून लावा, काटा तिथेच थांबेल. महाबळेश्वरला तर 25 च्या जरा पुढे गेला तरी पुष्कळ. उलट बेळगावात कुणाचा काटा 30 दाखवत असेल, तर त्याने गेजचं शून्य तपासावं.

आता शायनिंगचं. एक इंच पारा म्हणजे 25,400 मायक्रॉन. पाईपमध्ये उरलेला दाब आपल्याला उतरवायचा असतो 500 पर्यंत. दोन हजार आणि पाचशे यांतला फरक डायलवर काट्याच्या जाडीत लपतो.

खानापूरकडचं एक काम सांगतो. ऐन पावसाळा, गवंडीकामात कॉपर पाईपची तोंडं रात्रभर उघडी राहिलेली. काटा झक्कास खाली बसलेला, मायक्रॉन गेज मात्र दोन हजारांच्या खाली उतरायला तयार नाही. पंपाचा वॉल्व बंद केला. आकडा चढला आणि थोडा वर जाऊन थबकला. लीक असता तर चढतच राहिला असता. थबकला म्हणजे आत ओल. पंपाच्या काचेतून बघितलं तर पंपाचं तेल ताकासारखं पांढरं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. तेल बदललं, कोरडा नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम मोडला, परत पंप लावला. मग उतरला पाचशेच्या खाली, आणि वॉल्व बंद करूनही फारसा हलला नाही. नुसत्या काट्यावर भरवसा ठेवला असता तर गॅस सोडून मोकळा झालो असतो, आणि ओल कॉम्प्रेसरच्या तेलात गेली असती. आर-32 या गॅसच्या एसी मशीनमधलं तेल पाणी शोषून घेतं, पुढे त्याचं आम्ल होतं.

‘गॅसनेच हवा ढकलून द्या की’ हे तुम्ही लिहिलंत ते मात्र करू नका. हवा जाईल, ओल राहील. शिवाय आर-32 पेट घेऊ शकतो.

मायक्रॉन गेज महाग पडतो, हे खरंच. हंगामापुरतं काम करणाऱ्याला तो परवडत नाही, त्याला मी नावं ठेवणार नाही. दोघातिघांत मिळून एक घ्या. आणि घेतलात तर पंपाच्या तोंडाशी लावू नका. तिथे आकडा नेहमी गोड दिसतो. पंपापासून लांब, मशीनच्या बाजूला लावा. सर्व्हिस पोर्टची (मशीनवर नळी जोडायच्या तोंडाची) पिन काढून घेतली तर काम निम्म्या वेळात उरकतं, फक्त त्यासाठी पिन काढायचा टूल हवा. जुने होजही (रबरी नळ्या) बदला. त्यांच्या रबरातून हवा झिरपते आणि तुम्ही लीक समजून उगीच पाईपच्या जोडाचे फ्लेअर नट आवळत बसता.