भाडं पेन्शनवरून ठरतं

प्रौढ दिव्यांगांसाठी तालुक्याला निवासी सोय हवी, असं एक मागणीपत्र वहिनीने आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं आणि सह्या मागितल्या. थोड्याच वेळात एका काकांचं उत्तर आलं, ‘ऑस्ट्रेलियात सरकार अपंगांना फुकट बंगले देतं, म्हणून तिथले लोक पोटची पोरं सोडून देतात. आपल्याकडे घरची माणसं आहेत. आपल्याला ही थेरं कशाला?’ खाली भराभर अंगठे उठले. मला संताप आला. अंगठे देणाऱ्यांपैकी एकानेही माझ्या भावाला कधी आंघोळ घातलेली नाही.

मी मेलबर्नला अशाच घरांमध्ये सपोर्ट वर्कर म्हणून काम करते, त्यामुळे आधी त्या ‘फुकट’बद्दल. अपंगांसाठी खास बांधलेल्या या घरांना इथे एसडीए म्हणतात आणि ती 2013 साली सुरू झालेल्या एनडीआयएस या राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेतून चालतात. राहणारा माणूस भाडं भरतो. अपंगत्व पेन्शनच्या मूळ रकमेचा चौथा हिस्सा, पेन्शन सप्लिमेंट या वरच्या रकमेचा चौथा हिस्सा आणि भाड्यासाठी सेंटरलिंक या सरकारी कचेरीकडून मिळणारा भत्ता सगळाच्या सगळा. त्यावर घरमालकाला भाड्यापोटी एक डॉलर मागता येत नाही. पेन्शन पंधरवड्याला हजार डॉलरच्या थोडी वर, त्यामुळे भत्ता धरून भाडं पाचशेच्या आसपास जातं. वीजबिल, किराणा, फोन, कपडे ज्याचे त्याने बघायचे. पेन्शनच्या आदल्या दिवशी फ्रीजमध्ये काय उरलंय ते बघून जेवण ठरवणारी माणसं मला तिथे भेटतात.

काकांना समजून घ्यायचंच असेल तर त्यांनी एवढं घ्यावं की हे भाडं पेन्शनवरून ठरतं, घराच्या किमतीवरून नाही. घर बांधायला कितीही खर्च आलेला असो, राहणाऱ्याच्या खिशातून तेवढंच जातं. बाकीची रक्कम एनडीआयएस थेट घरमालकाला देते आणि ती भाड्याच्या कितीतरी पट असते. घरच तसं बांधावं लागतं. सर्वाधिक शारीरिक मदत लागणाऱ्यांच्या घरात छताने होइस्टचा, म्हणजे माणूस उचलणाऱ्या यंत्राचा, भार पेलायला हवा, दारातून 950 मिलिमीटरची मोकळी वाट हवी, लाइट गेले तर झोपायच्या खोलीत निदान दोन तास वीज पुरायला हवी.

या घरांत मी माणूस उचलत नाही. पाठीखालून स्लिंग सरकवते, पट्टे अडकवते, बटण दाबते. तो पलंगावरून अलगद वर येतो आणि छतातल्या रुळावरून बाथरूमपर्यंत जातो. जाताना माझ्याशी फुटीबद्दल, म्हणजे इथल्या फुटबॉलबद्दल, वाद घालत असतो. कराडला आमच्या बाथरूमचं दार अडीच फुटांचं. चाळिशी ओलांडलेल्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या माझ्या भावाला तिथून उचलून आत नेता येत नाही. वहिनी त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं करते आणि स्वतः पाठमोरी आत शिरते. आई पंच्याहत्तरीची झाली, तिच्याच्याने आता होत नाही. काकांची ‘घरची माणसं’ म्हणजे एकटी वहिनी आणि तिची कंबर. मी शनिवार-रविवारी जादा दराने जे करते, तेच ती बारा महिने करते आणि तिच्या हातावर कुणी पैसा ठेवत नाही.

राहिला पोरं सोडून देण्याचा आरोप. एकेकाळी इथे ते सर्रास चाललं होतं. मेलबर्नच्याच क्यू भागात 1887 साली सुरू झालेली क्यू कॉटेजेस नावाची, अपंगांना ठेवण्याची मोठी संस्था होती. तिथे 1996 साली आग लागून नऊ पुरुष गेले. 2008 मध्ये ती बंद झाली. आजची घरं अशा संस्थांना पर्याय म्हणून आली, आणि त्यांच्यासाठी अपंग माणसं आणि त्यांचे आईबापच भांडले. रविवारी डबे घेऊन येणाऱ्या आया मी बघते. त्यांनी काही सोडलेलं नाही. भांडणंही संपलेली नाहीत. 2023 मध्ये रॉयल कमिशन या सरकारी चौकशी आयोगाच्या काही सदस्यांनी ग्रुप होम, म्हणजे अनेक अपंगांना एकत्र ठेवणारी घरं, पंधरा वर्षांत बंद करा असं सांगितलं. एसडीए तर योजनेतल्या शंभरातल्या सहाजणांनाच मिळेल असा मूळ अंदाज होता. ओटीचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टचे, रिपोर्ट जोडत वर्षानुवर्षं थांबलेली कुटुंबं आहेत.

आता हाच हिशेब कराडला लावून बघते. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना मिळणारी रक्कम 2025 मध्ये महिन्याला 1500 वरून 2500 रुपये झाली. तिचा चौथा हिस्सा 625. तेवढ्यात कराडमध्ये कुठली खोली मिळेल? म्हणजे उरलेला भार सरकारने उचलल्याशिवाय हे उभं राहत नाही. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली ‘घरौंदा’ नावाची निवासी योजना निघाली, तेव्हा गरज दिल्लीलाही मान्य आहे. मागणीपत्रात दोन कलमं वाढव, असं मी वहिनीला कळवलंय. एक, राहणाऱ्याकडून पेन्शनच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त घ्यायचं नाही. दोन, घराचे पैसे आणि मदतनिसाचे पैसे वेगळे ठेवायचे. इथे ते वेगळे आहेत, म्हणून सांभाळणारी संस्था नकोशी झाली तर ती बदलता येते, त्यासाठी घर सोडावं लागत नाही.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं, तर काका म्हणाले, ‘तू आता तिकडची.’ ते मला फार लागलं, कारण कागदोपत्री ते खरं आहे. कराडच्या मतदारयादीत माझं नाव नाही. माझ्या पगारातून मेडिकेअर लेव्ही नावाची करपट्टी जाते. ती 2014 साली दीड टक्क्यावरून दोन टक्के केली, ती याच योजनेसाठी. अनोळखी माणसांच्या छपराला माझा हातभार लागतो याचा मला अभिमान वाटतो. पण माझ्या भावाला मी इथे आणू शकत नाही. व्हिसाच्या आरोग्य तपासणीत सेवांचा अंदाजित खर्च 86,000 डॉलरच्या वर दिसला तर अर्ज नाकारला जाऊ शकतो, आणि त्याचा खर्च त्याहून कितीतरी जास्त दिसणार. छतात रूळ बसवणारा हा देश त्याला दारातून आत घेणार नाही, आणि मी याच देशाची नागरिक आहे. त्यामुळे त्याचं घर कराडलाच व्हायला हवं, आईला रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ. तोवर काकांनी मला कुठलीही म्हणावं, मी या वादात बोलणार.