मागचा म्हणे फुकटचा डबलसीट

परवा फॅमिली ग्रुपवर आमच्याच एका काकांनी फॉरवर्ड टाकला, वर टँडम सायकलचा (एकामागे एक दोघांनी मिळून चालवायची ती) फोटो आणि खाली चार मुद्दे. सार काय, तर पॅरा सायकलिंगमध्ये अंध खेळाडू नुसता मागे बसतो, सगळी मेहनत पुढच्या डोळस माणसाची, आणि मेडल मात्र मागच्या "पार्सल"ला. एरवी मी असलं काही न वाचताच पुढे सरकते. पण माझ्या भाचीची नजर अधू आहे, टँडमवर ती मागेच बसते, आणि तिने मला तो फॉरवर्ड पाठवून खाली एवढंच लिहिलं, "मावशी, मी पार्सल?" मग डोकं फिरलं.

पार्सलचा मुद्दाच आधी घेते, सगळ्यात बिनडोक तोच आहे. अहो, टँडमला मागे कॅरिअर नसतं, पायडलं असतात! पुढचे आणि मागचे क्रँक, म्हणजे पायडलांचे दांडे, चेनने जोडलेले, एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरणारच. मी पुढे असताना न सांगता पाय थांबवले तर मागून लगेच ओरडा बसतो, कारण झटका तिच्या गुडघ्याला लागतो. एकदा तर चढावर तिनेच विचारलं, "मावशी, तू मारतेयस ना, की मी एकटीच?" (दमले होते मी, खरं सांगते.) आता कुणी म्हणेल पाय फिरले म्हणजे जोर लावला असं थोडंच आहे. बरोबर, मागचा अंगचोरपणा करू शकतो. पुढचाही करू शकतो, आत्ताच कबूल केलं.

पण मेडल पायलटच्याच, म्हणजे पुढच्या डोळस माणसाच्याच, जिवावर मिळत असेल तर स्कॉटलंडचा पॅरा सायकलपटू नील फॅची, त्याचं काय करायचं ते सांगा. रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे नजर हळूहळू जाणारा डोळ्यांचा आजार आहे त्याला, २००८ च्या बीजिंग पॅरालिम्पिकमध्ये तो धावला होता, टँडमवर नंतर आला. २०१२ ला लंडनमध्ये एक किलोमीटर टाइम ट्रायलचं (घड्याळाशी शर्यत) गोल्ड, पुढच्या सीटवर बार्नी स्टोरी. टोकियोत परत गोल्ड, ५८.०३८ सेकंद, म्हणजे थांबलेल्या सायकलवरून सुरुवात करून सरासरी ताशी ६२ किलोमीटर, आणि या वेळी पुढे मॅट रॉदरहॅम. तिथे सिल्व्हर मिळालं जेम्स बॉलला, त्याचा पायलट लुईस स्टुअर्ट. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये फॅची स्कॉटलंडकडून आणि बॉल वेल्सकडून, आणि पायलटांची चक्क अदलाबदल! स्टुअर्ट फॅचीच्या पुढे, रॉदरहॅम बॉलच्या पुढे. किलोमीटरचं गोल्ड कुणाला? फॅचीलाच, आणि सिल्व्हर बॉलला. पायलट बदलले तरी मागच्यांचा नंबर हलला नाही, आता बोला.

काकांना एक गोष्ट देऊन टाकते, नाइलाजाने. त्याच बर्मिंगहॅममध्ये स्प्रिंटचं गोल्ड मात्र बॉल आणि रॉदरहॅमने नेलं. स्प्रिंटमध्ये समोरच्या जोडीवर नजर ठेवायची, लाइन कुठली धरायची, कधी सुटायचं हे पुढच्याला बघावं लागतं, तिथे पायलटचं डोकं फार चालतं. पायलटचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही हेही खरंय. पण मेडल मागच्याला "मात्र" नसतं, पॅरालिम्पिकमध्ये दोघांच्याही गळ्यात पडतं, पोडियमचा एक फोटो तरी बघायचा होता फॉरवर्ड करण्याआधी.

"दोघं मारतात म्हणजे स्पीड डबल" हा तिसरा मुद्दा. स्पीड वाढला की हवेशी लढायला लागणारी ताकद साधारण त्याच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणजे दुप्पट स्पीडला आठ माणसांचा जोर लागेल. सोडा.

आणि चौथा मुद्दा, मागचा "फोन बघतो म्हणजे ढोंगी". टँडमच्या गटात ठार अंध आणि थोडं दिसणारे सगळे एकत्रच खेळतात. नियमात बसायला चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/६० किंवा त्याहून वाईट लागते, म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते याला सहा मीटरवर यावं तेव्हा कुठे दिसणार, नाहीतर दृष्टीचा घेर ४० अंशांपेक्षा कमी हवा. माझी भाची फोन नाकाला टेकवून वाचते. काकांचा फॉरवर्डही तिने तसाच वाचला, अख्खा.