‘चांगल्या टीमला फीडबॅक लागत नाही’ म्हणे!

‘खऱ्या लीडरची पाच सूत्रं’ हा फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. मी दुर्लक्षच करणार होते. पण भाचीच्या मॅनेजरने तो टीमच्या ग्रुपवर टाकला आणि त्याच दिवशी सगळ्यांचं पंधरवड्याचं वन-ऑन-वन, म्हणजे मॅनेजरशी एकेकट्याने बोलायची ठरलेली वेळ, कॅलेंडरवरून उडवलं.

सूत्र पहिलं, चांगल्या माणसाला सांगावं लागत नाही. मग त्याला कळायचं कसं, साहेबांच्या चेहऱ्यावरून? दुसरं, वर्षातून एकदा अप्रेझलला सांगितलं की पुरे. जूनमधली चूक मार्चमध्ये ऐकून करायचं काय?

तिसरं, ॲडोबी-मायक्रोसॉफ्टने म्हणे फीडबॅकच बंद केला. साफ खोटं. ॲडोबीने 2012 मध्ये गुंडाळलं ते वार्षिक अप्रेझल. त्याजागी वर्षभर अधूनमधून बोलत राहायचं ‘चेक-इन’ आणलं. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये काढली ती माणसांची एकमेकांशी तुलना करून क्रम लावायची पद्धत.

चौथ्याने मात्र डोकं फिरलं: ‘चूक दिसली की तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सांगा. बाकीचेही शिकतात.’ काय शिकतात ते भाचीकडून ऐका. सोमवारच्या स्टँड-अपला, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगला, स्क्रीन शेअर करून एका फ्रेशरचं टिकीट, म्हणजे त्याच्या नावावर नोंदवलेलं काम, उघडलं जातं. ‘हे परत रिओपन का झालं?’ तो ‘सॉरी सर’ म्हणतो, बाकीचे म्यूटवर. कुठली टेस्ट केस, म्हणजे कुठली तपासणी, राहिली, यावर चकार शब्द नाही. मग अवघड टिकीट कोणी उचलत नाही आणि काम अडलं तरी शेवटच्या दिवसापर्यंत सगळे सांगतात ‘ऑन ट्रॅक’!

क्लूगर आणि डिनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये फीडबॅकवरचे आधीचे अभ्यास एकत्र तपासले. एकूण 23,663 निरीक्षणं. सरासरीने काम सुधारलं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी उलट बिघडलं. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या लायकीकडे वळलं की फीडबॅकचा उपयोग घटतो, असं त्यांचं म्हणणं. चारचौघांत पाणउतारा केल्यावर दुसरं काय होणार?

पाचवं, तारीख लावून बोलणं कृत्रिम असतं. बरं, यात थोडं तथ्य आहे. ‘काही इश्यू? नाही ना? चला’ छापाची मीटिंग न झालेली बरी. पण तारीखच नसली की बोलावणं येतं ते फक्त काही बिनसल्यावर. ठरलेल्या वेळी भाचीला निदान विचारता यायचं, ‘त्या मॉड्यूलवर मला का नाही घेतलं?’ आता कुठे विचारणार, स्टँड-अपला?