ओल झाकायला नाही म्हटलं, हे खरंय

नमस्कार ताई, विकायचं घर आवरून-सजवून द्यायच्या आमच्या कामावरचा तुमचा रिव्ह्यू काल रात्रीच वाचला, लगेच टाइप करायला बसले होते पण रागात लिहिलेलं सकाळी आपल्यालाच वाचवत नाही म्हणून आज लिहितेय. १ स्टार देऊन तुमच्या चार तक्रारी आहेत, देव्हारा न विचारता हलवला, ३८,५०० रुपये घेऊन "नुसतं घर रिकामं केलं", बेडरूमची ओल झाकून द्या म्हटलं तर आम्ही नकार दिला, आणि अडीच महिने झाले तरी नेरूळचा फ्लॅट विकला गेला नाही.

देव्हाऱ्याचं आधी बोलते कारण तिथे चूक पूर्ण आमची आहे. आई देवळात गेल्या होत्या, पोरांनी फोटोसाठी हॉलच्या कोपऱ्यातला देव्हारा उचलून आत ठेवला आणि वर फळीचा एक स्क्रू पण हरवला. मी तेव्हा खाली टेम्पो लावण्यावरून वॉचमनशी हुज्जत घालत होते, पण टीम माझी आहे, त्यामुळे सॉरी मीच म्हणणार. आईंना फोनवर म्हटलंय, इथे पण म्हणते. आणि खरं सांगू का, देव्हारा हलवायची गरजच नव्हती, आपल्याकडे घर बघायला येणारी माणसं स्वतःच विचारतात देव कुठे ठेवता, तोंड कुठल्या दिशेला.

आता "रिकामं केलं" याबद्दल. हो केलं, तेच काम होतं. दुसरं गोदरेजचं कपाट बेडरूमच्या दारामागे असल्यामुळे दार अर्धंच उघडत होतं, येणारा माणूस आडवा होऊन आत शिरला की खोली लहान आहे हेच डोक्यात घेऊन बाहेर पडतो, कार्पेट एरिया कागदावर कितीही असू दे. बाल्कनीत दोरीवर कपडे, पोटमाळ्यावरून लोंबणाऱ्या गोण्या, हॉलमध्ये एकच जुनी पांढरी ट्यूब. ते सगळं काढलं, हॉल आणि किचनला दोन हात रंग दिला, बाथरूमच्या टाइल्सचे सांधे घासून नवीन भरले, दिवे बदलले, पडदे आणि छोटा सोफा महिनाभर भाड्याने दिला. बाथरूमच्या वासाचं कारण पण सांगितलं होतं, घर बंद राहिलं की नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखाली साठून राहतं ते पाणी सुकतं आणि खालून वास नि झुरळं दोन्ही वर येतात, कोणी बघायला यायच्या आदल्या दिवशी दोन तांबे पाणी ओता म्हणून. यात जादू काही नाही, पण बिलात प्रत्येक ओळ वेगळी लिहिलेली आहे आणि बिल तुमच्याकडे आहे.

मग ओल. यावर मात्र मी मागे हटणार नाही ताई. ती भिंत बाथरूमला लागून आहे, लोणा म्हणजे खार लागलेला, पोपडे सुटलेले, हात लावला की पीठ पडतंय. तुम्ही म्हणालात पुट्टी मारून रंग फिरवा, बघायला येणाऱ्यांना कळणार नाही. पाणी येतंय तिथून बंद न करता वरून पुट्टी मारली तर ओलीतला खार ती पुट्टी ढकलून बाहेर काढतो, आणि आपल्या नवी मुंबईच्या दमट हवेत तर प्लास्टर आतून सुकायलाच कित्येक आठवडे जातात. म्हणून मी सुचवलं होतं की आधी वरच्यांना विनंती करून त्यांच्या बाथरूमची नहाणी बंद करून २४ तास पाणी भरून बघू, ओल वाढली तर गळती तिथलीच, मग टाइल्सच्या सांध्यांवर भागतंय की टाइल्स काढून खालचं वॉटरप्रूफिंग नवीन करायचं ते ठरवू. त्याला वेळ नाही म्हणालात, ठीक आहे, घर तुमचं.

हे मी शहाणपणा शिकवायला नाही लिहीत. धंदा नवीन होता तेव्हा ऐरोलीत एका घरात मीच असं झाकून दिलंय. पहिल्या जूनमध्ये नवीन मालकांचा फोन आला, वॉचमनकडून नंबर घेऊन, मी बघायला गेले तर त्यांची लहान मुलगी त्या भिंतीवरचे पोपडे नखाने काढत बसली होती. मला काय बोलावं सुचलं नाही. नंतर एका वकिलांनी दाखवलं, विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला नीट बघूनही न कळणारा दोष आधी सांगावा लागतो, १८८२ च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम ५५ मध्ये आहे. म्हणजे झाकण्यात अडकणार तुम्हीच असता, पेंटर नाही.

"दुसऱ्या पेंटरने एका दिवसात करून दिलं" असं तुम्ही लिहिलंय, आणि पुढच्याच ओळीत लिहिलंय की दोन पार्ट्यांनी त्या भिंतीला हात लावून विचारलं, एवढाच कोपरा नवीन का? अहो मग अजून काय सांगू. जुन्या रंगाच्या भिंतीवर ताज्या रंगाचा चौकोन म्हणजे बाण काढून दाखवल्यासारखं आहे.

अडीच महिन्यांचं म्हणाल तर काम ऑगस्टच्या शेवटी झालं, गणपती गेले की पितृपक्ष, त्यात लोक घर बघतात पण टोकन कोणी देत नाही, हे मी कोटेशन देतानाच बोलले होते. नवरात्रापासून खरी सुरुवात. वर सिडकोच्या लीजचं घर, म्हणजे जमीन सिडको या सरकारी कंपनीची, त्यामुळे त्यांची ट्रान्सफरची परवानगी आणि घेणाऱ्याच्या बँकेचे कागद यात वेळ जातोच. तुमच्या कागदांचं जे आहे ते खाजगी आहे, इथे लिहिणार नाही. आणि घर विकून देतो असं आम्ही कुठेच म्हटलेलं नाही, ते एजंटचं काम.

सोफा आम्ही चार दिवस उशिरा आणला होता, त्याचं भाडं परत करतेय. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. ओलीची टेस्ट करायची असेल तर आमचा माणूस फुकट येईल, फक्त वरच्यांशी तुम्ही बोलून ठेवा, मागच्या वेळी त्यांनी दारच उघडलं नव्हतं. देव्हाऱ्याची फळी बसवायला सुतार घेऊन मी स्वतः शनिवारी सकाळी येते. आईंना आधी विचारून सांगा, त्यांची पूजा किती वाजता उरकते, त्यानंतरच येऊ.